प्रवरेकाठचं कोडं आणि आपली मुलं

श्रोतेहो, मुलांना कोडी फार आवडतात. ‘ओळखा पाहू’ म्हटलं, की पेंगणारं पोरसुद्धा उठून बसतं. ही कोडी मोठ्यांनी रचलेली असतात आणि त्यांची उत्तरंही मोठ्यांना आधीच ठाऊक असतात. आज मी एका निराळ्या कोड्याविषयी बोलणार आहे. ते कोणी मुद्दाम घातलेलं नाही. ते आपल्या पायाखालच्या मातीत आहे आणि त्याचं उत्तर मोठमोठ्या विद्वानांनाही अजून एकमतानं देता आलेलं नाही. त्याचा पहिला धागा आपल्याच जिल्ह्यातल्या एका भिल्ल शेतकऱ्याच्या हाती लागला. अशा कोड्यांचे पुढचे धागे भिल्ल, ठाकर, महादेव कोळी यांच्या वस्त्यांवरच्या मुलांच्या हाती लागण्यासारखे आहेत. ते कसे, हे आज पाहू.

अहमदनगर, म्हणजे आताचा अहिल्यानगर जिल्हा. या जिल्ह्यात श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या डाव्या तीरावर दायमाबाद नावाची जागा आहे. गाव म्हणून ती केव्हाच ओस पडली. उरलं ते पांढरीचं टेकाड. काळी आणि पांढरी हे दोन शब्द आपल्या खेड्यात कोणाला समजावून सांगायला नकोत. काळी ती पिकाची जमीन आणि पांढरी ती वस्तीची. पण पांढरी पांढरी का, हे मुलांना जरूर विचारावं. माणसं एका जागी पिढ्यान्‌पिढ्या राहतात. चुलीची राख, शेण, पडलेल्या भिंतींची माती, धान्याचा कोंडा, फुटकी मडकी, हाडं, सगळं तिथंच साचत जातं. पडक्या घरावर नवं घर उभं राहतं. असं शेकडो वर्षं चाललं, की जमीन उंच होते आणि तिचा रंग पालटतो. म्हणून आजूबाजूला सगळी काळी आणि मध्येच उंच पांढरी माती दिसली, की तिथं पूर्वी माणसांची वस्ती होती असं समजायला हरकत नाही. कोडं सोडवण्याची ही पहिली खूण आपल्या भाषेनंच आपल्याला देऊन ठेवली आहे.

सन १९७४ मध्ये छबू लक्ष्मण भिल्ल हे शेतकरी दायमाबादला एका झुडपाच्या बुंध्याशी खणत होते. खणता खणता धातूचं काही लागलं. माती बाजूला केली तेव्हा चार ओतीव वस्तू बाहेर आल्या. एक होता बैलांचा रथ: दोन बैल जुंपलेले आणि हाकणारा माणूस मागं उभा. हा रथ सुमारे ४५ सेंटिमीटर लांब, म्हणजे हातभर. दुसरी म्हैस, सुमारे ३१ सेंटिमीटर उंच. तिसरा हत्ती, सुमारे २५ सेंटिमीटर. आणि चौथा गेंडा, सुमारे १९ सेंटिमीटर. म्हशीच्या आणि गेंड्याच्या खाली भरीव चाकं. हत्तीचीही बैठक तशीच, पण त्याची चाकं हरवलेली. सगळ्यांचं मिळून वजन साठ किलोंहून अधिक! एवढा धातू मोडीत घातला असता, तर कोणाचंही दोन दिवसांचं दैन्य फिटलं असतं. पण तो वितळला नाही. पुढं जमिनीत पुरलेल्या धनासंबंधीच्या १८७८ च्या कायद्याप्रमाणं या वस्तू सरकारजमा होऊन भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याकडे गेल्या. आज मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि दिल्लीचं राष्ट्रीय संग्रहालय इथं त्या पाहायला मिळतात, आणि जगभरातल्या पुराणवस्तूंच्या ग्रंथांत त्यांची चित्रं छापली जातात.

आता कोडं असं. हे रथ-हत्ती कोणी घडवले? केव्हा घडवले? आणि कशासाठी?

दायमाबादचं नाव विद्वानांना १९७४ पूर्वीही ठाऊक होतं. बा. पु. बोपर्डीकर यांनी १९५८ मध्ये ही जागा हेरली आणि लगेच म. न. देशपांडे यांच्या देखरेखीखाली तिथं पहिलं उत्खनन झालं. रथ सापडला त्या सुमारास एस. आर. राव यांनी आणि त्यानंतर १९७९ पर्यंत एस. ए. साळी यांनी तिथं खोदकाम केलं. त्यातून एकावर एक अशा पाच वस्त्यांचे थर उलगडले. सर्वांत खालचा थर सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचा. त्याच्या वरच्या थरात सिंधू संस्कृतीच्या लिपीतली चिन्हं असलेल्या मातीच्या मुद्रा निघाल्या. मोहेंजोदडो-हडप्पाची लिपी इथं, प्रवरेच्या काठी! आणि सर्वांत वरचा थर जोर्वे संस्कृतीचा, म्हणजे सुमारे तीन हजार ते साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा.

हे जोर्वे गाव कोणतं, असं आपण विचाराल. तेही आपल्याच जिल्ह्यातलं, संगमनेर तालुक्यात, प्रवरेच्याच काठचं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकलिया आणि त्यांचे सहकारी डॉ. शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये तिथं उत्खनन केलं. लाल रंगाची, काळ्या रेघांची नक्षी असलेली, तोटीची भांडी तिथं मिळाली. तशीच भांडी पुढं महाराष्ट्रभर ठिकठिकाणी सापडत गेली आणि त्या साऱ्या संस्कृतीला जोर्व्याचंच नाव मिळालं. मुलांना हे अवश्य सांगावं, की जगातल्या विद्यापीठांत शिकवलं जाणारं एक नाव आपल्या संगमनेर तालुक्यातल्या खेड्याचं आहे.

मग दायमाबादचा रथ या पाचांपैकी कोणत्या थरातला? इथंच घोडं अडतं. साळी, देशपांडे आणि राव यांनी आजूबाजूच्या पुराव्यावरून त्या वस्तू सिंधू संस्कृतीच्या अखेरच्या काळातल्या ठरवल्या. डी. पी. अग्रवाल यांनी धातूचं पृथक्करण तपासलं. त्यात आर्सेनिक, म्हणजे आपला सोमल, एक टक्क्याहून जास्त निघाला. त्या काळच्या इतर तांब्याच्या वस्तूंत असा सोमल मिसळलेला दिसत नाही; तेव्हा हे काम पुष्कळ नंतरचं असावं, असं त्यांचं मत पडलं. दोन्ही बाजू जाणत्यांच्या. मग निकाल का लागत नाही?

कारण वस्तू मिळाली, पण तिची साक्ष मिळाली नाही. हा आजच्या भाषणाचा मुख्य मुद्दा आहे, म्हणून थोडं सावकाश पाहू.

घरामागचा उकिरडा डोळ्यांसमोर आणा. दिवाळीचा कचरा खाली, संक्रांतीचा त्याच्यावर, होळीचा त्याहून वर. कोणी न सांगता आपल्याला कळतं, की खालचं ते आधीचं आणि वरचं ते नंतरचं. टेकाडाचंही तसंच. कोणती वस्तू कोणत्या थरात, कशाच्या शेजारी होती, यावरून तिचं वय ठरतं. पण यात एक गोम आहे. समजा, होळी झाल्यावर कोणी त्याच उकिरड्यात हातभर खड्डा केला आणि त्यात एक तांब्या लपवून ठेवला. आता तो तांब्या दिवाळीच्या कचऱ्याजवळ गेला, म्हणून तो दिवाळीचा होईल का? नाही होणार. तो खड्डा केव्हाचा, हे ओळखावं लागेल. खड्ड्यातली माती भुसभुशीत असते, तिचा रंग बाजूच्या थरांहून वेगळा दिसतो, त्याची कड ओळखू येते. जुनं पेव बुजलं तर त्याची जागा जशी दिसते, तसंच हे. परंतु तांब्या काढताना ती कडच खणली गेली, की मग खड्डा केव्हाचा हे सांगायला कोणी उरत नाही. दायमाबादचा ठेवा अभ्यासकांच्या उत्खननात मिळाला असता, तर त्या कडेची नोंद झाली असती आणि इतकी वर्षं वाद घालावा लागला नसता.

यात छबू भिल्लांचा काहीएक दोष नाही, हे मी आवर्जून सांगतो. ते आपलं काम करत होते आणि मातीची कड जपावी, हे त्यांना कोणी कधी सांगितलेलं नव्हतं. शिवाय आपल्या समाजाची रीत पाहा. गरिबाला काही सापडलं, की कौतुक राहतं बाजूला आणि संशय मात्र आधी येतो. ‘कुठून आणलंस? आणखी किती लपवलंस?’ मग सापडलेली वस्तू लपवावीशी वाटली, मोडीत घालावीशी वाटली, तर नवल ते काय? असे किती रथ आणि हत्ती आजवर भांडी होऊन गेले असतील, याचा हिशेब कोण देणार! म्हणून मुलांना ही गोष्ट सांगताना छबू लक्ष्मण भिल्ल हे नाव मानानं घ्यावं. त्यांच्या कुदळीनं जे दाखवलं, त्यानं दख्खनच्या इतिहासाला नवं पान जोडलं.

आता मुलांकडे वळू. आपण म्हणाल, विद्वानांना जे उलगडत नाही ते पोरं काय उलगडणार? तर दोन गोष्टी ऐका. त्या परदेशातल्या आहेत, पण आपल्या कामाच्या आहेत.

स्पेन देशात अल्तामिरा नावाची गुहा आहे. १८७९ मध्ये एक जिज्ञासू गृहस्थ तिथं जमिनीत जुनी हाडं आणि हत्यारं शोधत होते. त्यांची नजर खाली. बरोबर आठ वर्षांची मुलगी मारिया होती, तिची नजर गेली वर. छतावर रंगवलेले बैल तिनं बापाला दाखवले. ते होते हजारो वर्षांपूर्वीचे रानगवे. पंडितांनी आधी त्या चित्रांना खोटं ठरवलं आणि १९०२ च्या सुमारास ती खरी असल्याचं मान्य केलं.

दुसरी गोष्ट फ्रान्समधली. १९४० च्या सप्टेंबरात चार मुलगे रानातल्या एका बिळातून आत उतरले आणि त्यांना लास्को गुहेतली चित्रं दिसली. खरी गंमत पुढं आहे. गावभर गर्दी होऊ लागली, तेव्हा मुलांनी आपल्या शाळामास्तरांना गाठलं. मास्तरांनी गुहा पाहिली, जाणत्या संशोधकाकडे निरोप गेला आणि आत कोणी काही बिघडवू नये, असं मुलांना बजावलं. चौघांपैकी सर्वांत लहानांत मोडणाऱ्या एकानं गुहेच्या तोंडाशीच तंबू ठोकला आणि पहारा सुरू केला. म्हणजे पाहणं मुलांचं, योग्य जागी कळवणं मास्तरांचं आणि राखणं पुन्हा मुलांचं. शिक्षक बंधुभगिनींनो, या गोष्टीत आपली जागा कोणती, हे मी वेगळं सांगायला नको.

आपल्या आदिवासी वस्तीवरचं मूल या कामात कोणाहून मागं नाही. उलट चार पावलं पुढंच आहे. शेळ्यांमागं हिंडणाऱ्या पोराला माळावरचा कोणता दगड तिथलाच आणि कोणता कुठून तरी आलेला, हे लगेच कळतं. नदीत मासे धरणाऱ्या मुलांना पुरानं यंदा कुठली दरड कोसळली, हे पाटलाच्या आधी ठाऊक असतं. चिखलातला माग पाहून जनावर कधी गेलं, हे सांगणारी माणसं त्यांच्या घरातच असतात. माग काढणं म्हणजे काय? जे दिसतं त्यावरून जे दिसलं नाही ते ओळखणं. उत्खनन करणारा पंडित याहून वेगळं काय करतो? शाळेत मात्र हेच मूल पाढा चुकला म्हणून मागच्या ओळीत बसतं. त्याच्या या विद्येला शाळेत किंमत मिळावी, हा माझ्या सांगण्यामागचा हेतू आहे.

प्रत्यक्षात काय करता येईल? समजा, शाळेजवळ नदीच्या काठी जुनी पांढर आहे आणि पावसानं तिची एक बाजू कापली गेली आहे. मुलांनी तिथं खणायचं नाही. हा पहिला नियम, आणि तो मोडायचा नाही. परवानगीशिवाय जुन्या जागी उत्खनन करणं कायद्यानंही चुकीचं आहे आणि दरडीखाली खणणं जिवालाही धोक्याचं. लांबून पाहायचं आणि जे उघड दिसतं ते वहीत काढायचं. वरच्या पट्ट्यात काचेच्या बांगड्यांचे तुकडे दिसतात का? किती खालपर्यंत दिसतात? कुठून पुढं दिसेनासे होतात? राखेचा करडा पट्टा कुठं आहे? काळ्या रेघांची लाल खापरी कोणत्या उंचीवर आहे? गारगोटीच्या जातीच्या दगडाची धारदार पाती दिसतात का? मुलं हे मोजू लागली, की एक गोष्ट त्यांची त्यांनाच उमगते: जे आहे त्याइतकीच जे नाही त्याचीही नोंद महत्त्वाची. खालच्या पट्ट्यात एकही काचेची बांगडी नाही, हासुद्धा साक्षीदारच!

मुलांना मग सुंदर तेवढंच टिपायचा मोह होतो. चित्राची खापरी लिहितात, साधी सोडून देतात. शिक्षकांनी इथं सांभाळावं. दहा साध्या आणि एक चित्राची, असंच लिहायचं, कारण हे प्रमाणच पुढं बोलकं ठरतं. हल्ली बहुतेक घरांत मोबाइल आहे. छायाचित्र घ्यावं, शेजारी फूटपट्टी ठेवावी, तारीख लिहावी. वस्तू जागची हलवू नये. जोर्व्याची खापरी चांगली भाजलेली असते, बोटानं टिचकी मारली तर खणखणीत वाजते; पण ती टिचकी वस्तुसंग्रहालयातल्या जाणत्या माणसानं दाखवलेल्या खापरीवर मारावी, दरडीतल्या नव्हे.

मग घरी जाऊन म्हाताऱ्यांना विचारावं. या टेकाडाला काय म्हणतात? इथं कोणतं देवस्थान होतं? इथली माती शेतात कधीपासून नेतात? वस्तीवरच्या आजीच्या तोंडी जागेचं जे नाव असतं, ते कित्येकदा सरकारी नकाशात नसतं. ते लिहून ठेवणं हाही पुरावा राखणंच आहे.

मुलं मोठे प्रश्नही विचारतील. दायमाबादला गेंडा कसा? आज महाराष्ट्रात रानात गेंडा नाही. पण गुजरातेत लांघणज इथं सांकलियांच्या उत्खननात गेंड्याचं हाड मिळालं आहे. म्हणजे पश्चिम भारतात गेंडा एकेकाळी होता. तेव्हा ओतणाऱ्या कारागिरानं तो पाहिला असेल किंवा पाहिलेल्याकडून ऐकला असेल. रथ हे खेळणं होतं का? मुलांनाच विचारा. साठ किलो धातू खेळण्यासाठी कोण खर्च करील? देवाच्या मिरवणुकीत ओढत नेण्याच्या या वस्तू असाव्यात, असा तर्क काही अभ्यासकांनी केला आहे. आपला बैलपोळा, देवाचा रथ, पालखी पाहिलेल्या मुलाला हा तर्क जवळचा वाटेल. वाटू द्या. फक्त ‘वाटतं’ आणि ‘सिद्ध झालं’ या दोन शब्दांमधलं अंतर त्याला शिकवा. सगळ्या शास्त्रांची सुरुवात तिथूनच होते.

आणखी एक प्रश्न नाजूक आहे. ‘ही जुनी माणसं आमचीच का?’ असं भिल्ल वस्तीवरचं मूल विचारील, तसं मराठ्याचं, माळ्याचं, महादेव कोळ्याचंही विचारील. भांड्यावरून माणसाची जात कळत नाही, असं स्वच्छ उत्तर द्यावं. पण त्या माणसांचं मन कळतं. ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरी सांगितली त्या नेवाशाला, प्रवरेच्याच काठी, डेक्कन कॉलेजनं १९५४ ते १९५६ या काळात उत्खनन केलं. तिथं लहान मुलांना मडक्यांत घालून, तोंडाला तोंड लावून ती मडकी घराच्याच जमिनीखाली पुरलेली आढळली. आयांना आपली गेलेली लेकरं घराबाहेर ठेववली नसतील. अशाच एका लहानग्याच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. तांब्याच्या गंजामुळं माळेच्या दोऱ्याचे तंतू टिकून राहिले होते. तपासले, तेव्हा त्यांत रेशीम आणि कापूस निघाला. तीन हजार वर्षांपूर्वी आपल्या जिल्ह्यात कोणीतरी रेशमी दोऱ्यात मणी ओवले आणि लेकराच्या गळ्यात घातले! ती माळ कोणी उचलून, पुसून, मणी विकून टाकले असते, तर हे आपल्याला कधीही कळलं नसतं. दोऱ्याचे ते चार तंतू मण्यांपेक्षा मोलाचे ठरले.

आज आपल्या टेकाडांना धोका आहे तो असा. उसासाठी जमीन सपाट करताना ट्रॅक्टरचं फाळ पांढरीत शिरतं. खत म्हणून, विटांसाठी, भरावासाठी पांढरी माती गाड्या भरभरून जाते. कुठं गुप्तधनाच्या आशेनं रात्री खड्डे पडतात. गुप्तधनाचा नाद लागलेल्याला सोनं तर मिळत नाहीच, पण गावाच्या इतिहासाचं पान फाटतं ते कायमचं. प्रत्येक टेकाडावर सरकार पहारेकरी ठेवू शकत नाही. पण प्रत्येक टेकाडाजवळ कुठं ना कुठं शाळा आहे आणि शाळेत मुलं आहेत.

म्हणून शिक्षकांना माझी विनंती आहे. वर्गात एक वही ठेवा, तिला ‘पांढरीची वही’ म्हणा. त्यात मुलांच्या नोंदी, चित्रं आणि तारखा असू द्या. कोणा मुलाला किंवा त्याच्या बापाला काही सापडलं, तर वस्तू जागच्या जागी ठेवून आधी आपल्याला सांगायला शिकवा. सांगणाऱ्यावर संशय घेऊ नका. त्याचं नाव वहीत मानानं लिहा. मग आपण स्वतः तलाठ्यामार्फत तहसीलदार आणि जिल्हाधिकारी यांना, तसंच राज्याच्या पुरातत्त्व खात्याला लेखी कळवा. दहा रुपयांहून अधिक मोलाचा जुना ठेवा जमिनीत सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं कायद्यानं भागच आहे. आपण बरोबर असलात, की वस्तीवरचा माणूस कचेरीची पायरी चढायला भिणार नाही.

दायमाबादच्या रथाचं वय निश्चित करणारा पुरावा त्या एका झुडपाच्या बुंध्याशी होता आणि तो गेला. प्रवरा, मुळा, गोदावरी यांच्या काठांवर अजून कितीतरी पांढरी न खणलेल्या पडून आहेत. कोण जाणे, त्यांतल्याच एखाद्या दरडीत उद्या कोणा पोराला ओतीव धातूचं एक चाक उघडं पडलेलं दिसेल. त्यानं हात न लावता पळत शाळेत यावं आणि ‘गुरुजी, चला, दाखवतो’ म्हणावं, एवढं आपण त्याला आजच शिकवून ठेवू.